एकेकट्याला विचारलेला प्रश्न

मागच्या वर्षी सांगलीच्या एका तरुण प्राध्यापकाने मला त्याच्या विद्यार्थ्यांसमोर बोलायला बोलावलं. विषय त्यानेच समजावून सांगितला. माणसांचा अभ्यास करायचा तर नुसते प्रश्न विचारून भागत नाही, खरा संवाद व्हावा लागतो. आपण मनात आधीच काहीबाही समजुती घेऊन गेलेलो असतो, त्या समोरच्याच्या बोलण्यापुढे पणाला लावाव्या लागतात. बोलणं कुठे जाईल हे दोघांपैकी कुणालाच आधी ठाऊक नसतं, आणि ते संपतं तेव्हा दोघंही थोडे बदललेले असतात. यावर परदेशात जाडजूड ग्रंथ आहेत म्हणे. पोरगा मन लावून सांगत होता आणि मला इतका संताप येत होता की हातातला चहा तसाच राहिला. त्याला वाटलं, म्हातारीला कळत नाहीये. त्याने बिचाऱ्याने पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतलं.

अरे बाबा, कळतंय. नको तितकं कळतंय. याच गोष्टीपायी सत्तरच्या दशकात साताऱ्याच्या एका खोलीत मला उभं करून सुनावलं होतं, की बाई, तुम्ही नमुना नासवलात. तेव्हा हे ग्रंथ कुठे झोपले होते? पोरांसमोर एवढं तोंड सोडणं बरं दिसेना, म्हणून तिथे मी दोन गोड गोष्टी सांगून परत आले. दिवाळी अंकाच्या संपादकांनी मात्र सांगितलंय की काय वाटेल ते लिहा. तेव्हा लिहिते.

मी पाहणीचं काम करायचे. नेमणुकीच्या कागदावर भारदस्त नाव होतं, पण गावोगाव मला ‘प्रश्नवाली बाई’ म्हणत, आणि तेच खरं. साताऱ्यात एक संशोधन संस्था होती. तिला सरकारकडून, कधी बाहेरच्या देणगीदारांकडून अभ्यास मिळायचे. तज्ज्ञ मंडळी पंख्याखाली बसून प्रश्नावली तयार करायची आणि आम्ही एस.टी.ने, बैलगाडीने, बऱ्याचदा पायी जाऊन ती लोकांना विचारायची. पुरुषांशी गावातल्या बायका बोलत नाहीत, म्हणून संस्थेने मला घेतलं होतं. मी कवठे महांकाळच्या शिंप्याची मुलगी. बापाच्या मशीनपाशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांची बोलणी ऐकत वाढलेली. माणसांशी बोलायचा पगार मिळतो म्हटल्यावर मला स्वर्ग दोन बोटं उरला होता.

मग प्रशिक्षण झालं आणि कळलं की बोलायचंच नाही.

नियम असे होते. प्रश्न छापलाय त्याच शब्दांत विचारायचा. क्रम मोडायचा नाही. ज्याची मुलाखत घ्यायची त्याला एकट्याला गाठायचं, आजूबाजूला कुणी नको. हो म्हणाला तर हो, नाही म्हणाला तर नाही, खूण करायची आणि पुढे जायचं. मान डोलवायची नाही, हसायचं नाही, ‘असं का?’ म्हणायचं नाही. आणि सगळ्यांत मोठा नियम, त्याने आपल्याला काही विचारलं तर उत्तर द्यायचं नाही. आपण उत्तर दिलं की आपलं मत त्याला चिकटतं. आमचे संचालकसाहेब हे सांगताना हात धुतल्यासारखे तळवे एकमेकांवर चोळायचे. तुम्ही म्हणजे काच आहात, म्हणायचे. काच दिसता कामा नये.

आता आमच्या भागाची रीत बघा. पाहुणा दारात आला की पाणी देतात आणि पाणी पिऊन होईतो त्यालाच प्रश्न विचारतात. गाव कुठलं, कुणाची लेक, दिली कुठं, पाऊसपाणी कसं आहे. ही काही नसती चौकशी नव्हे. कुणाशी बोलतोय हे कळल्याखेरीज काय बोलायचं हे माणसाला कसं कळणार? पाण्याचा तांब्या रिकामा करून तोंड शिवून बसणारा पाहुणा आमच्याकडे एक तर पोलीस असतो नाही तर जप्तीवाला. आणि आम्ही, शास्त्राच्या नावाखाली, नेमके तसे जाऊन बसायचो.

कडेगावकडच्या एका घरी माझा पहिला फज्जा उडाला. घर उसाच्या बागायतदाराचं, घरधनी फौजेतून सुभेदार होऊन परतलेले. संस्थेचा अभ्यास होता, घरातले निर्णय कोण घेतं. मी नियमाप्रमाणे सुभेदारांना ओसरीवर एकटं गाठलं. ते ताठ बसले, हात गुडघ्यांवर. बियाणं कोण ठरवतं? “मी.” मुलांच्या शाळेचं? “मी.” विहीर, बैल, लग्नकार्य? “मी, मी, मी.” वरिष्ठांना हजेरी द्यावी तशी उत्तरं, खणखणीत. प्रश्नावली इतकी स्वच्छ भरली की संचालकांनी चौकटीत लावावी.

निघताना सुभेदारांच्या पत्नी, आक्काताई, मला चुलीपाशी घेऊन गेल्या. भाकरी थापता थापता त्यांनी माझी उलटतपासणी सुरू केली. लग्न झालंय का, नाही तर का नाही, बाप काय करतो, एकटी हिंडताना भीती वाटत नाही का. मी गप्प. शेवटी त्यांनी भाकरी तव्यावर टाकली आणि म्हणाल्या, “आमी समदं सांगायचं, आन तुमी सोताचं नाव बी सांगायचं न्हाई व्हय? ह्यो कुठला न्याय?”

मला लाज वाटली. मी सांगितलं सगळं. वडलांचं, मशीनचं, मोडलेल्या सोयरिकीचंही. सांगून झाल्यावर त्या हसत म्हणाल्या, “ह्ये सुट्टीवर यायाचं आन म्हणायचं, आवंदा हिर पाडू. म्या म्हणायची, पाडू की! हिर तर म्या कवाच पाडून ठेवल्याली. तिचं पानी पिऊनच ह्ये म्हणायचं, हिर पाडू.” ओसरीवरून सुभेदारांचा आवाज आला, “आगं, सांग की मंग, कुणी धरलंय तुला?” आणि तेही हसायला लागले. मग दोघंही बोलू लागले, एकमेकांचं तोडत, एकमेकांचं खोडत. त्या घरात निर्णय कसे होतात हे मला त्या अर्ध्या तासात दिसलं.

हे मी साताऱ्याला सांगितलं तर उत्तर मिळालं, “बाई कुटुंबप्रमुख नाहीत. त्यांचं बोलणं नोंदीत येत नाही.” संपलं. विहीर पाडणाऱ्या बाईला शास्त्राने उचलून बाजूला ठेवलं. मी तेव्हा नवी होते, मूग गिळून बसले. पण ते ‘मी, मी, मी’ पुढे कुठल्याशा अहवालात तक्ता होऊन छापलं गेलं आणि त्याच्या आधाराने लोक भाषणं करत असतील, या विचाराने आजही माझं डोकं फिरतं.

तिथे निदान कुणाचं नुकसान तरी झालं नाही. म्हसवडला झालं. मी लिहायला बसले ती त्याचसाठी.

मोठा दुष्काळ होऊन गेला होता. उजाड माळांवर झाडं लावायची एक योजना निघाली होती आणि म्हसवडच्या पुढच्या माळावरचं एक कुरण त्यासाठी पसंत झालं होतं. जमीन सरकारी, वापर मेंढपाळांचा. झाडं लावायची म्हणजे आधी काटेरी तार ठोकायची आणि मेंढरं कायमची बाहेर. ठोकण्याआधी पाहायचं होतं की कुरणाची कुणाला गरज आहे का. तो अभ्यास आमच्या संस्थेकडे आला, आणि प्रश्न ठरला, ‘आपल्याला या कुरणाची गरज आहे काय?’ हो किंवा नाही.

तिकडचे मेंढपाळ दिवाळी झाली की मेंढरं घेऊन पश्चिमेला बागायतीच्या मुलखात उतरतात आणि पावसाच्या सुमाराला परत येतात. पाच-सहा कुटुंबं एकत्र चालतात. त्यांच्या या चालत्या तळाला वाडा म्हणतात. निघायच्या आधी थोडे दिवस मेंढरांना पोटभर चारा मिळाला तरच ती वाट निभते, त्यातही गाभण मेंढ्यांना. तो चारा या कुरणात मिळायचा. म्हणजे कुरण गेलं तर वाट गेली, आणि वाट गेली तर मेंढरं गेली. एवढं सरळ होतं ते.

मी वाड्यावर गेले. नियमाप्रमाणे एकेकाला बाजूला घेतलं. वाड्याचे म्होरके म्हाकूबाबा, त्यांना बाभळीखाली गाठलं. “आपल्याला या कुरणाची गरज आहे काय?” त्यांनी माझ्याकडे बघितलं, लांब माळाकडे बघितलं आणि म्हणाले, “मला? न्हाई.” येसाबाई म्हणून एक विधवा बाई होती, मेंढरं थोडकी, वाड्यात सगळ्यांत कमी. तिला पाणवठ्यावर एकटी गाठली. “न्हाई बाई. मला काय करायचंय?” मग तिसरा, मग चौथा. त्या वाड्यावर आणि आसपासच्या दुसऱ्या वाड्यांवर, ज्याला विचारलं त्याने नाहीच म्हटलं.

आणि माझ्या डोळ्यांसमोर, बांधापलीकडे, त्यांचीच मेंढरं कुरणात चरत होती.

साताऱ्याला संचालकसाहेब खूश. इतकं एकमत त्यांना कुठल्याच पाहणीत मिळालं नव्हतं. “लोकांना खरी गरज नसते, आपणच गृहीत धरतो,” म्हणाले आणि अहवालाला बसले. मी म्हटलं, साहेब, मेंढरं आत होती. ते म्हणाले, “तुम्हाला काय दिसलं हा प्रश्नावलीचा भाग नाही.” माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. डोळे घरी ठेवून यायचे होते का?

पुढच्या सुट्टीच्या दिवशी मी स्वतःच्या पैशाने तिकीट काढून म्हसवडला गेले. प्रश्नावली नेली नाही. सकाळचं ऊन कोवळं होतं, वाड्यावरच्या बायका चुलीपुढे होत्या, म्हाकूबाबा एका कोकराच्या पायातला काटा काढत होते. त्यांनी मान वर न करताच विचारलं, “बाई, त्या दिशी तुमी पोलिसावानी आलतासा. आज कुनावानी आलाईसा?”

“आज नुसतीच आले, बाबा.”

“मंग बसा. गाव कुठलं तुमचं?”

या खेपेला मी उत्तर दिलं. कवठे महांकाळ म्हटल्यावर त्यांनी विचारलं, तिकडे गायरान आहे का. मी म्हटलं, होतं. आमच्या घरी शेळी होती, मी लहानपणी तिला तिथं चारायला न्यायची.

“हुतं म्हंजी? आता न्हाई?”

“नाही. गेलं.”

“कुनी दिलं?”

“दिलं असं कुणी नाही. हळूहळू गेलं.”

“मंग कुनी इचारलं न्हाई?”

कुणी का विचारलं नाही? मी कधी विचार केलाच नव्हता. आमचं गायरान असं आम्ही म्हणायचो, पण ते जाताना माझं जातंय असं कुणा एकाला वाटलं नव्हतं, म्हणून कुणी आडवं झालं नाही. मी तसं सांगितलं, चाचपडत, बोलता बोलता मलाच उमगत होतं. येसाबाई चुलीपुढून उठून जवळ येऊन बसली. बाकीचेही आले. मग मी विचारलं, प्रश्न म्हणून नव्हे, मला खरोखर कळत नव्हतं म्हणून, “मग त्या दिवशी मला तुम्ही सगळ्यांनी गरज नाही असं का सांगितलंत?”

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी येसाबाईच बोलली. “आवं बाई, तुमी इचारलंसा काय? एकलीला पानवट्यावर गाठून म्हनलासा, तुला कुरन पायजे का. मंग मी काय म्हनू? मला पायजे? माज्या एकलीच्या मेंढरास्नी? आन ह्यो म्हातारा काय माती चारील व्हय मेंढरास्नी?”

म्हाकूबाबा म्हणाले, “एकट्यानं पायजे म्हनलं म्हंजी दुसऱ्याच्या तोंडातनं काडल्यावानी हुतंय. आमी बसून ठरवतो. कुनी आदी शिरायचं, कुनी मागनं. बसल्याबिगार कुनी काय बोलत न्हाई.”

“मग तुम्ही मला बसा असं का नाही म्हणालात?”

“तुमी कुटं बसलासा?” म्हाकूबाबा म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता.

आणि मग ते माझ्यादेखतच बसले. त्या वर्षीची पाळी ठरायची होती. आरडाओरडा झाला, जुनी उणीदुणी निघाली, एकाने घोंगडं झटकून उठून जाण्याचं नाटक केलं, दुसऱ्याने त्याला “बस रं गड्या, नखरं करू नगंस” म्हणून खाली ओढलं. मला वाटलं आता हाणामारी होते. पण थोड्या वेळाने कुणी मोठ्याने जाहीर न करताच ठरून गेलं. येसाबाईची मेंढरं पहिली. तिच्या मेंढ्यांत गाभण जास्त होत्या आणि घरात कुणी पुरुषमाणूस नव्हतं. म्हाकूबाबांची सगळ्यांत शेवटी. कुणी कुणावर उपकार केल्याचा भाव तोंडावर आणला नाही. दर वर्षी असंच व्हायचं.

सांगा, याची नोंद त्या हो आणि नाहीच्या चौकटीत कुठे करायची होती?

मी साताऱ्याला धावले. संचालकसाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. ते वाईट गृहस्थ नव्हते. मृदू बोलायचे, आम्हाला चहा पाजायचे, दुष्काळात त्यांनी स्वतःच्या खिशातून मदत केल्याचं मला माहीत आहे. त्यामुळेच जास्त राग येतो. वाईट माणसावर निदान खापर तरी फोडता येतं.

“म्हणजे त्यांनी समूहात उत्तर दिलं,” ते म्हणाले. “समूहात माणूस मोकळेपणी बोलत नाही. एकमेकांचं दडपण असतं.”

“आणि पाणवठ्यावर एकट्या बाईला गाठलं तेव्हा माझं दडपण नव्हतं?”

“तुम्ही त्यांना काय काय सांगितलंत?”

“माझ्या गावचं गायरान कसं गेलं ते.”

त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. “बाई, तुम्ही नमुना नासवलात. तुम्ही त्यांच्या डोक्यात कल्पना घातलीत. आता त्यांचं दुसरं उत्तर धरताच येणार नाही.”

त्यांच्या लेखी माणूस म्हणजे लोणच्याची बरणी. ओला हात लागला की बुरशी. मी बोलले म्हणून त्यांचं उत्तर खोटं झालं, आणि मी तोंड शिवून बसले होते तेव्हाचं खरं! मी मेंढपाळांच्या डोक्यात काही घातलं नव्हतं हो. त्यांनीच माझ्या डोक्यात घातलं होतं. माझ्या गावात काय झालं हे मला म्हसवडच्या माळावर कळलं, त्या एका ‘कुनी इचारलं न्हाई?’ने. याला नासणं म्हणत असतील तर मी आनंदाने नासले. मी हे सगळं तोंडावर बोलले, आवाज चढवून बोलले, शेजारच्या खोलीतले कारकून दारात येऊन उभे राहिले. अहवाल व्हायचा तोच झाला. ‘मेंढपाळ कुटुंबांना सदर कुरणाची निकड भासत नाही.’ पुढे प्रत्येक कुटुंबाचं नाव आणि नावापुढे ‘नाही’.

तार ठोकायच्या आधी आखणीसाठी योजनेचे एक अधिकारी म्हसवडला येऊन उतरणार असल्याचं मला समजलं. मी वाड्यावर निरोप धाडला आणि रजा टाकून गेले. माझ्या आधीच अख्खा वाडा विश्रामगृहाच्या आवारात लिंबाखाली बसला होता, बाया, बापये, कडेवरची पोरं, सगळे.

अधिकारी पन्नाशीचे, घाईतले, पण ऐकणारे होते. मी जेवढं सांगता येईल तेवढं सांगितलं. त्यांनी मान डोलावली. बाहेर आले आणि म्हणाले, “ठीक आहे. एकेकाने आत या आणि आपलं म्हणणं सांगा.”

कुणी हललं नाही. म्हाकूबाबा म्हणाले, “आमी समदी हाय की हितं, सायब. हितंच इचारा.”

“अहो, मला कागदावर ‘समदी’ असं लिहिता येत नाही. नाव लागतं. इथे अहवालात तुमच्या प्रत्येकाच्या नावापुढे नाही असं आहे. ते बदलायचं तर त्याच माणसाने, स्वतःच्या नावाने म्हणायला हवं, की हो, मला कुरण पाहिजे. सगळे नको, निदान एकाने तरी म्हणा. मी आखणी थांबवतो.” त्यांनी म्हाकूबाबांकडे बोट केलं. “तुम्ही म्होरके ना? सांगा. तुम्हाला पाहिजे का कुरण?”

मी मनातल्या मनात ओरडत होते, बाबा, हो म्हणा. एकदाच म्हणा.

म्हाकूबाबांनी फेटा सारखा केला. मागे बसलेल्यांकडे बघितलं. “मला?” ते म्हणाले. “मला एकट्याला न्हाई पायजे.”

अधिकारी माझ्याकडे वळले. “ऐकलंत? आता तर तुमच्यासमोर म्हणाले.”

त्या क्षणी मला काय वाटलं ते लिहिता येत नाही. उभ्या जागी भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. साठी उलटलेला एक माणूस अब्रूने वागत होता, आणि तीच अब्रू त्याच्या विरोधात पुरावा ठरत होती. मी अधिकाऱ्यांना म्हटलं, तुम्ही खाली बसा, त्यांच्यात बसा, आणि मग विचारा. ते कसनुसे हसले आणि घड्याळाकडे बघितलं. त्यांना दहिवडीला जायचं होतं.

जीप सुरू झाली तेव्हा येसाबाई उठली. पदर खोचला, पायऱ्या चढली आणि कुणाकडेच न बघता म्हणाली, “ल्ह्या. येसाबाय. मला पायजे.”

लिंबाखाली एक पोर रडत होतं. म्हाकूबाबांनी मान खाली घातली. अधिकाऱ्यांनी उभ्या उभ्या लिहून घेतलं, तिचा अंगठा घेतला आणि मोकळा श्वास सोडून म्हणाले, “झालं! एवढंच तर हवं होतं.”

आखणी थांबली. कुरणात झाडं लागली नाहीत. म्हणजे आम्ही जिंकलो, असं मला महिनाभर वाटत होतं. मग हुकूम आला. कुरणाला तार ठोकायची, पण मागणी करणाऱ्या कुटुंबाला चराईची परवानगी द्यायची. मागणी एकटीनेच केली होती. परवानगी येसाबाईला.

तिने सगळ्यांना बोलावलं. “या की, कुनी अडिवलंय? माज्या एकलीचं हाय व्हय?” म्हणून वाडाभर फिरली. कुणी तिच्याशी भांडलं नाही. म्हाकूबाबा तिला म्हणाले, “तुजं कुरन हाय बाय, तू न्ये मेंढरं.” ते मायेनेच म्हणाले, पण तिच्या परवानगीने ते आत शिरणार नव्हते. ते मेंढरं घेऊन लांबच्या माळावर गेले. दुसऱ्यांना मात्र मेंढरं जगवायची होती. एकेकाने दहिवडीच्या कचेरीत जाऊन आपलं नाव दिलं. म्हाकूबाबांच्या मुलानेही दिलं, बापाला न सांगता. आता प्रत्येकजण मी, मला, माझं म्हणायला शिकला होता. पुढच्या साली कुरणाचे तुकडे पाडले, नावानिशी. येसाबाईला वरची खडकाळ कड आली, कारण वाटणीच्या वेळी तिच्या बाजूने बोलणारं कुणी नव्हतं. आणि कशाला बोलेल? ज्याने त्याने आपापलं बोलायचं असं ठरलं होतं. गाभण मेंढ्यांना पहिली पाळी ही गोष्टच उरली नाही, कारण पाळी ठरवायला कुणी बसतच नव्हतं.

संस्थेत मी पुढे फार टिकले नाही. काढलं नाही, मीच सोडलं, आणि सांगलीला मुलींच्या शाळेत शिकवू लागले. त्या अहवालाचं संस्थेत कौतुक झालं असं ऐकलं. पाहणीत लोकांचं मत नोंदलं गेलं, नंतर एका बाईचं बदललं तेही नोंदलं गेलं, सगळं पारदर्शक. चूक कुठे आहे दाखवा, म्हणतील. दाखवते ना. तुम्ही आधी ठरवलंत की माणूस एकटा असतो. मग एकटा असल्यागत त्याला विचारलंत. तो एकटा नव्हता म्हणून त्याचं उत्तर तुम्हाला समजलं नाही. आणि मग तुमचं समजणं सोपं व्हावं म्हणून त्याला एकटा करून टाकलंत.

दोनेक वर्षांनी एका लग्नासाठी कडेगावकडे गेले होते. ऊस तुटून मोकळ्या झालेल्या रानात मेंढरं बसवलेली दिसली. शेतकरी खतासाठी बसवून घेतात तशी. एकच बिऱ्हाड होतं, वाडा नव्हता. जवळ गेले तर म्हाकूबाबा. थकले होते. मला ओळखलं, उठून उभे राहिले, घोंगडं पसरलं. मी बसले. इकडचं तिकडचं झालं. मग मी विचारलं, “येसाबाई कुठं असते आता?”

त्यांनी लांब रानाकडे बघितलं.

“मला काय ठावं, बाई,” ते म्हणाले. “माजं इचारा. माजं मी सांगतो.”